मोटारीतले बिनचकाकीचे प्लास्टिक

मोटार धुवायला दिली आणि ती परत आली, की दार उघडल्यावर आपली नजर प्रथम कुठे जाते? पुढच्या काळ्या फळ्यावर, म्हणजे ज्याला सगळे डॅशबोर्ड म्हणतात त्याच्यावर. तो आरशासारखा लकाकत असतो. गाडीत कसला तरी गोडसर वास दरवळत असतो. धुणारा मुलगा अभिमानाने म्हणतो, "साहेब, एकदम नवी करून दिली बघा." आपण खूश होतो आणि त्याच्या हातावर वीस रुपये जास्त ठेवतो. मीही ठेवले होते. ते वीस रुपये मी कशासाठी दिले, हे मला दोन दिवसांनी कळले.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. आम्ही पुण्याहून साताऱ्याला एका लग्नाला निघालो होतो. निघायला उशीर झाला आणि खंबाटकीचा घाट ओलांडून सुरूर मागे टाकेपर्यंत भर दुपार झाली. तिथे रस्ता दक्षिणेकडे जातो आणि त्या दिवसांत दुपारचा सूर्य बरोबर समोर, पण बराच वर असतो. पुढच्या काचेवर एक पांढुरका पडदा आल्यासारखे मला वाटत होते. काच पुसली, तरी तो जाईना. नीट पाहिले, तर त्या पडद्यात डॅशबोर्डावरच्या हवेच्या जाळीची आकृती स्पष्ट उमटलेली. म्हटले, चालायचेच. पुढे एका पुलाखाली, ऐन सावलीत, उसाने भरलेली एक ट्रॉली उभी होती. तिला मागे दिवा नव्हता. "अहो, ट्रॉली!" बायको ओरडली आणि मी ब्रेक दाबला. "दिसली होती मला," असे मी म्हणालो. खरे सांगायचे, तर ती मला दिसली नव्हती.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. मी काही रसायनशास्त्राचा माणूस नव्हे. पण यातली निम्मी गोष्ट समजायला वर्गातला फळा पुरतो, आणि फळ्याशी माझा वीस वर्षांचा परिचय आहे.

नवा फळा पाहा. तो काळा असतो, पण चकाकत नाही. त्याचा पृष्ठभाग अगदी बारीक खडबडीत असतो, म्हणून खडू त्यावर उठतो. खिडकीतून आलेला उजेड त्या खडबडीत पृष्ठभागावर पडला, की तो दाही दिशांना थोडा थोडा विखुरतो. कुठल्याच एका बाकावर त्याचा झोत येत नाही. तोच फळा पाचसात वर्षे घासून गुळगुळीत झाला, की काय होते? खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यातली मुले म्हणू लागतात, "सर, फळा चमकतो, काही दिसत नाही." शब्द तेच, खडू तोच; पण उजेड विखुरण्याऐवजी एकाच दिशेला फेकला जातो, आणि ज्याच्या डोळ्यांच्या वाटेत तो येतो त्याला अक्षर दिसेनासे होते.

दुसरे उदाहरण पावसाळ्यातल्या रस्त्याचे. कोरड्या डांबरी रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांचा फारसा त्रास होत नाही. रस्ता ओला झाला, की तेच दिवे रस्त्यातूनही डोळ्यांवर येतात. डांबर बदललेले नसते. खडीच्या मधले खळगे पाण्याने भरून सपाट झालेले असतात, एवढेच.

डॅशबोर्डावर फासलेले चकाकीचे औषध नेमके हेच करते. मोटारीच्या आतले बहुतेक प्लास्टिक मॅट, म्हणजे बिनचकाकीचे असते. ही मंदता रंगात नसते, आकारात असते. ज्या पोलादी साच्यात हा भाग ओततात, त्या साच्यावर आम्लाने कोरून चामड्यासारखी बारीक सुरकुती उठवलेली असते. ती प्लास्टिकवर जशीच्या तशी उमटते. तिची खोली किती? मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी. एवढ्याशा उंचसखलपणावर सगळी मंदता अवलंबून आहे. औषधातले तेल, आणि ते बहुधा सिलिकोनचे असते, या खळग्यांत बसते, वर सपाट थर होतो आणि प्लास्टिक लकाकू लागते. ते जास्त काळेही दिसते. शाळेतली दगडी पाटी ओल्या बोळ्याने पुसली की जशी गडद काळी दिसे, तसेच हे. पाटीचा काळेपणा काही पाण्याने वाढत नसे. कोरडी असताना तिच्यावरून विखुरणारा पांढरा उजेड काळ्या रंगात मिसळत असे, तो थांबे. पाणी वाळले की पाटी पुन्हा करडी. डॅशबोर्डाचे "नवेपण" असेच असते. फरक इतकाच, की पाणी वाळते आणि तेल तसे वाळत नाही.

आता हा लकाकता फळा काचेत कसा शिरतो ते पाहू. पुढची काच हल्ली फार तिरपी असते, जवळजवळ आडवी पडू पाहणारी. समोर उंचावर असलेला सूर्य काचेतून डॅशबोर्डावर पडतो. तिथून उजेड वर उसळतो, काचेच्या आतल्या अंगावर आपटतो आणि सरळ चालकाच्या डोळ्यांत येतो. इतक्या तिरप्या काचेवरून शेकडा दहापंधरा भाग उजेड परत फिरतो. डॅशबोर्ड मॅट आणि काळा असला, तर मुळात वर उसळणारा उजेडच थोडा, त्यामुळे परत फिरणारा नगण्य. तो लकाकता केला, की सूर्याची तिरीपच काचेवर उतरते. समोरचा उन्हातला रस्ता त्यातूनही दिसतो, कारण तो स्वतःच उजळ असतो. मात्र सावलीतली वस्तू, मळकट कपड्यांतला माणूस, काळी म्हैस, दिवा नसलेली ट्रॉली, ही सगळी त्या पडद्यात विरून जातात. ज्या गोष्टी आधीच कमी दिसतात त्याच आणखी कमी दिसतात, यात खरी भीती आहे.

कोणाला हे पटत नसेल, तर त्याने गाडी उन्हात उभी करून, इंजिन बंद ठेवून, डॅशबोर्डावर वर्तमानपत्राची घडी ठेवावी आणि आपल्या जागेवर बसून समोर पाहावे. काचेत पांढरा चौकोन तरंगताना दिसेल. तो चौकोन ज्या जागी आहे तिथे रस्त्यावर काय आहे, हे सांगून पाहावे. म्हणून डॅशबोर्डाचा वरचा भाग कारखान्यातूनच गडद आणि मंद करून दिलेला असतो. खाली दाराच्या पॅडवर हवा तेवढा फिकट रंग असतो, वर मात्र काळा किंवा करडा. ही काटकसर नव्हे आणि रसिकतेचा अभावही नव्हे. आपण पैसे देऊन ती सोय पुसून टाकतो. काहीजण यावर पोलरॉइडचा चष्मा लावण्याचा उपाय सांगतात. त्याने हे प्रतिबिंब पुष्कळ कमी होते, हे खरे आहे. पण रोज तेल फासायचे आणि ते दिसू नये म्हणून चष्मा घ्यायचा, यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

"पण मग प्लास्टिकला काही खाऊपिऊ नको का?" असे मला एका शेजाऱ्याने विचारले. हा गैरसमज फार पसरलेला आहे. आपल्याला चामड्याची सवय. चप्पल, पट्टा, तबल्याची वादी, ही सगळी सुकतात आणि त्यांना तेल लावावे लागते. प्लास्टिक मात्र चामडे नव्हे. साध्या गाड्यांतला डॅशबोर्ड आणि दाराचे पॅड बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असते. लग्नाच्या मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या ज्याच्या असतात तेच हे. इटलीत ज्यूलिओ नाट्टा यांनी 1954 मध्ये ते घडवले आणि 1963 मध्ये जर्मनीच्या कार्ल त्सीग्लर यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे प्लास्टिक मेणाच्या जातीचे आहे. त्यात तेल मुरत नाही आणि त्याला तेलाची भूकही नाही. महागड्या गाड्यांत डॅशबोर्डावर मऊ पातळ कातडे असते. ते पुष्कळदा पीव्हीसीचे असते. त्याला मऊपणा यावा म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य कारखान्यातच मिसळलेले असते, आणि उन्हाने ते हळूहळू उडून जाते, हे खरे. बंद गाडीत काचेवर आतून जो चिकट धुकट थर येतो त्यात याचा वाटा असतो. परंतु जे आतून गेले ते बाहेरून चोळून परत घालता येत नाही. भिजलेले सरपण पुसून कोरडे होत नाही, तसेच हे उलट बाजूने.

अर्थात सिलिकोनवर नसता आरोपही नको. ते प्लास्टिक खाते, त्याला भेगा पाडते, असे काहीजण सांगतात. त्यात फारसे तथ्य नाही. त्याचा दोष निराळा आहे. ते ओलसर राहते, आपल्याकडची धूळ त्यावर बसते आणि चिकटते. मग मळ दिसतो, म्हणून पुन्हा औषध. स्टिअरिंगला किंवा पायाखालच्या पेडलला त्याचा हात लागला, तर तिथे पकड सुटते. आणि बाहेरच्या बंपरवर ते उडाले व पुढे कधी तो रंगवायची वेळ आली, तर रंगाऱ्याचे हाल विचारू नका. रंग थेंबाथेंबाने फाटतो आणि माशाच्या डोळ्यांसारखी वर्तुळे उठतात.

प्लास्टिकचा खरा शत्रू ऊन, आणि त्यातही उष्णता. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डाचा वरचा भाग सत्तर अंश सेल्सिअसच्या घरात सहज जातो. आपल्या नागपूर-चंद्रपूरच्या मंडळींना हे आकडे सांगायला नकोत, त्यांनी हात भाजून घेतलेले असतात. पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते आणि तो पापुद्रा सूर्याचे अतिनील किरण जवळजवळ सगळेच अडवतो. बाजूच्या काचा साधारणपणे एकेरी असतात, त्यांतून यातले काही किरण आत येतात. म्हणून दाराच्या पॅडची वरची कड पुष्कळदा डॅशबोर्डाच्या आधी फिकटते. याला उपाय बाटलीतला नव्हे. गाडी सावलीत लावावी. सावली नसेल, तर पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावावा. तोही नसेल, तर पुठ्ठ्याचा तुकडा चालतो. गाडीला शोभत नाही, पण काम करतो.

साफ कसे करायचे, हे सांगायला फार वेळ लागणार नाही. गाडी सावलीत निवू द्यावी. तापलेल्या प्लास्टिकवर पाणी लावले, की ते लगेच वाळते आणि डाग मागे ठेवते. आधी कोरडी धूळ काढावी. यासाठी रंगाचा मऊ ब्रश सर्वांत चांगला. तो सुरकुतीच्या खळग्यांत आणि हवेच्या जाळीत शिरतो. ही पायरी चुकवून एकदम ओले फडके फिरवले, तर धुळीतली वाळू आपणच प्लास्टिकवर घासतो. नंतर तांब्याभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे तीनचार थेंब टाकावेत, मायक्रोफायबरचे फडके त्यात बुडवून घट्ट पिळावे आणि हलक्या हाताने पुसावे. पाणी फडक्यावर घ्यायचे, डॅशबोर्डावर शिंपडायचे नाही. बटणांच्या मागे विजेचा सगळा संसार मांडलेला असतो. मग नुसत्या पाण्याचे दुसरे फडके, मग कोरडे. बस्स. महिन्यातून एकदा एवढे केले, तर पुष्कळ झाले. कोकणात पावसाळ्यात बंद गाडीत प्लास्टिकवर पांढरी बुरशी येते. ती प्लास्टिकवर जगत नाही, त्यावरच्या घामावर, मळावर आणि तेलावर जगते. जिथे तेल नाही तिथे ती कमी येते.

ज्यांना काहीतरी लावल्याशिवाय चैनच पडत नाही, त्यांच्यासाठी पाण्यात कालवलेली, "मॅट" म्हणून विकली जाणारी औषधे आहेत. ती लावून जास्तीचे लगेच पुसून काढले, तर चकाकी येत नाही. त्याची निकड आहे, असे मात्र मला वाटत नाही.

पेट्रोल, थिनर, नखांचा रंग काढायचे औषध, यांतले काहीही आत आणू नये. पॉलिप्रॉपिलीन एकवेळ टिकेल. पण गिअरभोवतीची चौकट आणि बटणांच्या पट्ट्या पुष्कळदा एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या असतात आणि नखांच्या औषधातल्या अॅसिटोनमध्ये ते चक्क विरघळते. वेगमापकावरची पारदर्शक तबकडी तर त्याहून नाजूक. 2020 च्या साथीत लोकांनी गाडीभर सॅनिटायझर फवारले. भीती खरी होती, त्यांना नावे ठेवता येत नाहीत. पण अशा पारदर्शक तबकडीवर अल्कोहोल वारंवार लागले, तर तिच्यात केसासारख्या बारीक भेगा पडतात. तिच्यासाठी नुसते ओले फडके पुरे.

नखाने किंवा किल्लीने ओढलेली पांढरी रेघ, हा आणखी एक तक्रारीचा विषय. तिथे रंग गेलेला नसतो, कारण प्लास्टिक आतबाहेर काळेच असते. घट्टपणासाठी त्यात शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असते. ओरखड्याने ती पूड आणि प्लास्टिक यांची पकड सुटते आणि तिथून उजेड पांढरा विखुरतो. औषध लावले, की रेघ दोन दिवस लपते. तिला काढायला म्हणून पॉलिश पेपर किंवा तो पांढरा जादूचा स्पंज घासू नये. तो स्पंज मऊ लागतो. पण त्याचे काम अतिशय बारीक कानशीचे. हे मी कळून सांगतो. साताऱ्याहून आल्यावर डॅशबोर्डावरचे तेल काढण्यासाठी मी घाईने तोच घासला. तेल निघाले, आणि त्याबरोबर सुरकुतीचे उंचवटेही झिजले. डाव्या बाजूला तळहाताएवढा भाग कायमचा गुळगुळीत झाला. बाकीचे तेल मी साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशाने, तीन रविवार पुन्हा पुन्हा पुसून काढले. पांढऱ्या कागदी रुमालाने दाबून पाहावे. त्यावर तेलकट ठसा उमटेनासा झाला, म्हणजे काम झाले. तो गुळगुळीत चट्टा मात्र आता गाडी असेपर्यंत राहणार.

आपल्याकडची एक खास बाब राहिली. डॅशबोर्डावर गणपती असतो. तो दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने बसवलेला असतो, आणि पुष्कळदा डावीकडे, नेमका एअरबॅगच्या झाकणावर. भारतात चालकासमोरची एअरबॅग जुलै 2019 पासून, आणि शेजारच्या आसनापुढची नव्या नमुन्यांच्या गाड्यांत एप्रिल 2021 पासून सक्तीची झाली. ती फुगते ती डोळ्याचे पाते लवायच्या आत, आणि झाकणावर जे काही असेल ते शेजारी बसलेल्याच्या तोंडावर फेकते. देवाला मधल्या भागात जागा द्यावी आणि मूर्ती लहान असावी. पट्टीचा चिकट राप राहिला, तर त्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब बोटाने जिरवावा, थोड्या वेळाने पुसून काढावे आणि मग साबणाच्या पाण्याने ते तेलही काढावे. तेल वापरायची एवढी एकच जागा मी सांगेन.

आणि दसरा. गाडीची पूजा होते, हळदीकुंकू लागते, त्यातले थोडे आत सांडते. ओल्या फडक्याने पुसू नका. कोरड्या ब्रशाने झटका. पाणी लागले, की हळद खळग्यांत उतरून बसते. धुण्याच्या साबणाची वडी लावली, तर पिवळा डाग लालभडक होतो आणि घरात एकच गोंधळ उडतो. घाबरायचे कारण नाही. साबणातल्या क्षाराने हळद लाल होते, हे साडीवर डाग पडलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. हळदीचा रंग उजेडापुढे टिकत नाही. डॅशबोर्डाला जे ऊन सोसत नाही तेच इथे उपयोगी पडते. साध्या पाण्याने क्षार पुसून घ्यावा आणि डाग उजेडात तसाच राहू द्यावा. गेल्या दसऱ्याला आमच्या दाराच्या पॅडवर रुपयाएवढा पडला होता. बायको म्हणाली, "थिनर आणू का?" मी नको म्हटले. दिवाळीला पाहुणे आले तेव्हा तो कुठे होता, हे शोधावे लागले.